उघाडीतला नाझर

सुतार लाकूड सपाट करतो आणि कातारी ते गोल करतो, एवढाच आमच्या धंद्याचा सारांश. लाटणी, भोवरे, खुंट्या, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, कुंकवाचे करंडे, जे जे म्हणून गोल असेल ते आमचं. अलिबागच्या बाजारात माझं चिंचोळं दुकान होतं. पायाने फळी दाबायची, फळीने चाक फिरायचं, चाकाने लाकूड फिरायचं, आणि आपण हातात पटाशी घेऊन त्या फिरत्या लाकडासमोर गप्प उभं राहायचं. दुकानात लाकूड फिरे आणि मी स्थिर असे. घरी गेलो की बायको स्थिर असे आणि मी फिरत असे.

दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हटल्यावर लोकांना वाटतं, या माणसाने आयुष्यभर लाटणीच तर केली, हा लिहिणार काय? म्हणून मी लाटण्यांविषयी लिहीत नाही. ज्या लाकडाने मला सगळ्यात जास्त नाचवलं आणि ज्याला माझी पटाशी आयुष्यात एकदाच लागली, त्या आबनुसाविषयी लिहितो.

आबनूस म्हणजे काय, हे मला शंभर माणसांनी सांगितलं आणि शंभर तऱ्हांनी सांगितलं. धरमतरच्या बंदरात लाकूड उतरवून घेणारा गुजराती शेठ शिसवाच्या फळीवर हात फिरवून म्हणायचा, "कालू छे ने? तो आबनूस ज छे, भाई!" तळा गावाकडच्या जंगलातला रखवालदार टेंभुर्णीच्या खोडातला काळा गाभा दाखवी आणि हाच सरकारी आबनूस म्हणून छातीवर हात मारी. त्याच टेंभुर्णीची फळं टोपलीत घालून कातकरणी बाजारात येत. त्यांना आबनूस म्हटलं तर त्या हसत. त्यांच्या लेखी ते झाड फळांचं होतं, आणि विडीवाल्यांच्या लेखी पानांचं. लाकडाचं ते फक्त आमच्यासारख्या रिकामटेकड्यांच्या लेखी.

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगी पाहून आलेल्या आत्याने घरात पाऊल टाकताच जाहीर केलं, "पोरगी म्हणजे आबनूस आहे हो नुसता!" तिला रंग म्हणायचा होता. मी आपला धंद्याच्या कानाने ऐकलं. न वाकणारा, न किडणारा, आणि जो हाताळावा तितका चमकतो, असा! मी लगेच होकार दिला. आत्या पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. बायकोला मात्र ही गोष्ट मी सांगितली आणि तिने ती पुढे जन्मभर माझ्याविरुद्ध वापरली. काही उचलायला सांगितलं की म्हणे, "आबनूस आहे मी, जाग्यावरून हलत नाही."

खरा आबनूस मला दाखवला कादरभाईने. कादरभाई म्हणजे रेवदंड्याकडचा म्हातारा तांडेल. तरुणपणी गलबतावरून झांजिबारपर्यंत जाऊन आलेला. त्याच्या नातीच्या पाळण्याचे खांब मी कातून दिले होते, ते त्याला फार आवडले होते. पुढे तो मुलाकडे मुंबईला राहायला निघाला, तेव्हा घराच्या दाराला आतून लावायचा अडसर खांद्यावर टाकून माझ्या दुकानात आला.

"घे, दत्तू," तो म्हणाला. "झांजिबारचा हाय. अस्सल आबनूस. पान्यात सोड, दगडासारखा तळाला जाईल, खुदा कसम. चाळीत माज्या पोराच्या दाराला कडी हाय लोखंडाची. तिथं याला कोन विचारतो?"

काठीएवढा लांब, मनगटाएवढा जाड असा तो अडसर मी हातात घेतला आणि खांदा खाली गेला. रंग कोळशाचा नव्हे. कोळसा मेलेला काळा असतो. हा ओल्या म्हशीच्या पाठीसारखा जिवंत काळा होता. मी तो माळ्यावर आडवा ठेवला आणि रोज एकदा वर बघायचं व्रत घेतलं. त्याचं काय करावं ते ठरेना. अशा लाकडाला एकदाच पटाशी लागते. चुकली की संपलं. सनई करावी, देवाची समई करावी, असे पुष्कळ बेत झाले आणि कित्येक पावसाळे तो माळ्यावरच राहिला.

मग त्या अडसरावर नाझरसाहेबांची नजर पडली.

नाझर हा कोर्टाचा कारभारी माणूस. समन्स, जप्त्या, हुकुमांची बजावणी हे सगळं त्याच्या हाताखालून जायचं. आमचे नाझरसाहेब निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण निवृत्ती त्यांच्यावर बजावली गेलेली नव्हती. अजून ते रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या तपासत जायचे. त्यांचे जुने वैरी म्हणजे एक वकीलसाहेब. या वकिलांकडे मुंबईहून आणलेली काळीभोर आबनुशी काठी होती आणि दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघताना ते ती अशी फिरवत की बघणाऱ्याने बाजूला व्हावं. नाझरसाहेबांना तशीच, पण तिच्याहून सरस काठी हवी होती.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. वकिलांची ती काठी बाभळीची होती. दर गणपतीनंतर तिचा रंग उडायचा आणि वकिलांचा गडी ती पिशवीत घालून माझ्याकडे आणायचा. हिरड्याच्या काढ्यात लाकूड भिजवायचं, वरून हिराकशीचं, म्हणजे लोखंडाच्या खाराचं, पाणी फिरवायचं, की बघता बघता बाभळीचा आबनूस होतो. पण डॉक्टर जसा रोग्याचा रोग बोलत नाही तसा कातारी गिऱ्हाइकाचं लाकूड बोलत नाही. म्हणून नाझरसाहेब त्या काठीवर जळत राहिले आणि मी ऐकत राहिलो.

शेवटी एका भाद्रपदात मी त्यांना शब्द दिला, की दसऱ्याच्या आत अडसराची काठी करून देतो. मला वाटलं, इतक्या हौसेचा माणूस दुसरा मिळायचा नाही. तरी त्यांची शंका होतीच. "पण दत्तोबा, खरा कशावरून? पाण्यात बुडवून दाखवा."

"साहेब, वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड आहे. कातायच्या आधी भिजवलं तर तडकेल."

"म्हणजे पुरावा नाही," ते म्हणाले आणि तपकीर ओढली.

पितृपक्ष संपत आला होता. नाझरसाहेब बाकावर बसून अडसर माळ्यावरून खाली काढण्याचा मुहूर्त ठरवत होते, तेवढ्यात दोन माणसं दोन ओंडके घेऊन दारात आली. पायांना चिखल, डोक्याला ओलं फडकं. पुढचा धर्मा, खारेपाटातल्या एका आगरी गावचा. मागचा त्याचा चुलतभाऊ गोपाळ. तो मुंबईला गिरणीत होता आणि रजेवर आला होता, हे त्याच्या भांगावरूनच कळत होतं.

"मिस्तरी, यो बगा," धर्मा म्हणाला. "यो आबनूस हाय का न्हाय, तवरा सांगा."

"मंग मी काय बोलतंय?" गोपाळ म्हणाला. "आमचे सायबाचे टेबलावर असाच काला रूल हाय. मी बगितलाय."

ओंडके काळे होते खरे. जडही होते. दोघांची कापलेली तोंडं ताजी दिसली. मी विचारलं, "हे एकाचेच दोन केलेत वाटतं?"

"यष्टीवाला घेई ना," धर्मा म्हणाला. "आडवा ठेवला त लोकांचे पायान, उबा ठेवला त छपराला लागं. मंग गोपालनी बाजूचे सुताराकरशी करवत आनली, न् थयाच कापला. कंडक्टर बिचारा थांबला तवरा."

एसटीत बसावं म्हणून मौल्यवान लाकूड मधोमध कापणारे लोक मी त्याआधी पाहिले नव्हते. मी पटाशीने कोपरा तासला. वरचा काळा थर गेला आणि आत लालसर रंग निघाला. खैर! खैराचं लाकूड, जन्मभर खाडीच्या चिखलात पुरलेलं, त्यात जुने लोखंडी खिळे. मी मडक्यात हिरडा आणि हिराकस घालून जे करत होतो तेच चिखलाने सावकाश, फुकट आणि माझ्याहून चांगलं केलं होतं. हे मी सांगणार एवढ्यात माझं बोट एका खाचेत गेलं. ओंडक्याच्या अंगाला सरळ, लांब, घासून गुळगुळीत झालेली खाच होती.

नाझरसाहेब बाकावरून उठले. खारेपाटात जप्त्या करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्यांनी खाच पाहिली आणि त्यांच्या अंगात एकदम जुनं कोर्ट संचारलं.

"पूर्ण नाव?"

धर्माने सांगितलं आणि हात जोडले. जुन्या नाझराला खारेपाटात कोण ओळखत नव्हतं?

"हा उघाडीचा उंबरा आहे. खरं की खोटं?"

धर्माची मान खाली गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खारेपाटातली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असतात. समुद्र बाहेर राहतो तो मातीच्या बांधामुळे. त्या बांधात एक लाकडी दार असतं, ती उघाडी. ओहोटीला पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं आणि भरतीला दार मिटून खारं पाणी अडवतं. हे दार खाली ज्या आडव्या लाकडावर टेकतं तो उंबरा. आमच्या धर्माच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या उघाडी राखायचं काम होतं. दार अडकलं म्हणून त्याने आणि गोपाळने ते मोकळं केलं, तेव्हा उंबरा वर आला. काळा, जड, कोयत्याला दाद न देणारा. गोपाळला साहेबाचा रूळ आठवला आणि समुद्र अडवणारं लाकूड दोघांनी अलिबागला आणलं.

"आणि त्याच्या जागी काय ठेवलंत?" मी विचारलं.

"आंब्याची फली."

"अरे गाढवा, आंबा पाण्यात तरंगतो! वाकतो!" नाझरसाहेब ओरडले. "परवा सर्वपित्री अमावास्या. उधाण कुणाच्या बापाचं ऐकणार आहे?"

धर्मा मटकन खालीच बसला. "भात पोटऱ्यान हाय सायब, आता कनीस येल," तो म्हणाला. "खारा पानी आत आला त आख्खे गावाचा भात जलून जाल. तीन वरसा जमीन काय देनार न्हाय. माजे आज्यानी राखलेली उघारी. गाव मना वेशीन उबा न्हाय ठेवनार." आणि तो मोठा बाप्या माणूस माझ्या भुश्यात बसून रडायला लागला. गोपाळचा भांग विस्कटला होता आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती.

लाकूड जोडणं मला येत होतं. दोन्ही तुकड्यांची तोंडं अर्धी अर्धी तासायची, एकावर एक बसवायची आणि आरपार खुंटे ठोकायचे. उंबरा वीतभर तोकडा होईल, पण त्याची टोकं मातीत जातात, तेवढं चालतं. अडचण खुंट्यांची होती. दुकानात बाभूळ होती, सागवान होतं. पण कोरडा खुंटा पाण्यात फुगतो आणि जुन्या मुरलेल्या लाकडाला उभा फाडतो. मऊ लाकडाचा घ्यावा तर पाण्यातला किडा तो वर्षात पोखरतो. न फुगणारं, न किडणारं आणि मनगटाएवढं जाड लाकूड हवं होतं.

मी वर पाहिलं. नाझरसाहेबांनीही वर पाहिलं.

"नाही, दत्तोबा," ते म्हणाले. "त्या लाकडाचा निकाल झालेला आहे."

मला त्यांच्याहून जास्त वाईट वाटत होतं. इतकी वर्षं जपलेल्या लाकडाचे चिखलात ठोकायचे खुंटे करायचे, हे म्हणजे लाडक्या लेकीला डोळ्यांदेखत विहिरीत लोटण्यासारखं. नाझरसाहेब दोनदा दुकानात येरझाऱ्या घालून आले. मग धर्मासमोर उभे राहिले.

"तुझ्या बापाची भांडी मी जप्त केली होती," ते म्हणाले. "आठवतं?"

"व्हय, सायब. मी ल्हान होतू."

"कळशी ठेवली होती. ती जप्तीच्या यादीत मोजली नव्हती मी." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काढा तो खाली. पण आधी पाण्यात टाकून दाखवा."

"साहेब, भिजवला तर कातताना तडकेल, आणि दुसरा मिळायचा नाही."

"म्हणजे मला कधीच कळणार नाही का हो?" ते इतक्या केविलवाण्या आवाजात म्हणाले, की मला हसू आलं.

मी अडसर यंत्रावर चढवला. आबनूस कातणं म्हणजे दगडाशी प्रेमाने बोलणं. पटाशी पुन्हा पुन्हा पाजळावी लागते. भुसा निघत नाही, तपकिरीसारखी काळी पूड निघते. आम्ही चौघंही शिंकत होतो आणि नाझरसाहेबांना आयुष्यात प्रथमच तपकिरीची गरज लागली नाही. पण पटाशीखालून ते अंग जेव्हा उजळत आलं, तेव्हा मी सगळं विसरलो. काय सांगू! त्याला पॉलिश नको, मेण नको. नुसता हात फिरवला की त्यात आपलं बोट दिसे. चार खुंटे झाले आणि अडसर संपला. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात सुंदर काम, आणि ते कुणाला दिसू नये अशा जागीच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. नाझरसाहेब छत्री घेऊन आधीच स्टँडवर हजर. कंडक्टर तोच. ओंडके पाहून म्हणाला, "आज कापायचं असेल तर गाडी सुटायच्या आधी कापा."

गावात आम्ही उतरलो तर घराघरांतून धावपळ. हंडे, परात, पितळी डबे पदराआड जायला लागले, एकाने बकरीच घरात ओढली. गावाला वाटलं, जप्ती आली! धर्माच्या म्हाताऱ्या चुलत्याने येऊन नाझरसाहेबांचे पाय धरले. साहेबांना आनंद लपवता येईना. "उठा, उठा," ते म्हणाले. "आज मी न्यायला नाही, ठेवायला आलोय."

ओहोटी लागली तसे धर्मा आणि मी कमरेइतक्या चिखलात उतरलो. आंब्याची फळी बघितली, तर एका रात्रीत धनुष्यासारखी वाकलेली. तिच्याखालून हात जात होता. गिरमिटाने भोकं पाडली, तुकडे एकावर एक बसवले आणि मोगरीने एकेक खुंटा आत घातला. शेवटचा जाताना असा घट्ट आवाज आला, की बांधावरची सगळी माणसं पुढे वाकून बघायला लागली. नाझरसाहेब छत्री उगारून वरून हुकूम सोडत होते. "डावीकडे! अरे, डावं म्हणजे जेवताना पाण्याच्या तांब्याला लावतोस तो हात!" गोपाळला तर त्यांनी मातीच्या पाट्या वाहायला लावलं आणि तोही मुकाट्याने वाहत होता.

अमावास्येला उधाण आलं. आम्ही गावातच राहिलो होतो. पाणी बांधाच्या माथ्याला हात लावून उभं राहिलं. उघाडीचं दार कण्हलं आणि टेकलं. धर्मा आतल्या बाजूला उतरला. चरातलं पाणी ओंजळीत घेऊन त्याने जिभेला लावलं. सगळा गाव त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"गोरा हाय," तो म्हणाला. "पानी गोरा हाय!"

मग म्हाताऱ्यांनी चाखलं, बायकांनी चाखलं. नाझरसाहेबांनी धोतर सावरलं, वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि निकाल वाचावा तसं म्हणाले, "गोड आहे." त्या संध्याकाळी धर्माच्या घरी तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं सुकं झालं. श्राद्धाच्या दिवशी नाझरसाहेब जवळ्याकडे न बघता बघत होते.

दसऱ्याला मी त्यांना बाभळीची काठी करून दिली, हिरडा-हिराकस लावून. सीमोल्लंघनाला वकीलसाहेब समोरून आले आणि आपली काठी फिरवून म्हणाले, "काय नाझर, आबनूस का?"

"छे, छे! रंगवलेली बाभूळ," नाझरसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझा आबनूस कामावर गेलाय." वकिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी आपट्याचं पान शोधायला खाली वाकलो.

साठ सालानंतर तिकडच्या उघाड्या सिमेंटच्या झाल्या. एक दिवस धर्मा दुकानात आला, केस पांढरे झालेले. फडक्यातून त्याने तीन खुंटे काढले.

"नाझर आनलाय परत," तो म्हणाला.

मला कळेना. तेव्हा समजलं, की त्या गावात या खुंट्यांना सगळे नाझर म्हणत. 'नाझर खाली बसलाय, पानी येत न्हाय,' असं लहान पोरंसुद्धा म्हणत. आबनूस हा शब्द तिथे कुणाच्या लक्षातही नव्हता. चौथा खुंटा समुद्राने ठेवून घेतला होता. उरलेल्या तिघांवरचा चिखल मी पुसला आणि त्यात मला माझं बोट दिसलं.

एक खुंटा घेऊन मी धर्मासह नाझरसाहेबांकडे गेलो. ते अंथरुणाला खिळले होते, नजरही अधू झालेली. मी म्हणालो, "साहेब, आता याची तुमच्या काठीला मूठ करून देतो."

त्यांनी खुंटा हातात घेऊन बराच वेळ चाचपला. मग उशाशी असलेला पाण्याचा तांब्या पुढे ओढायला सांगितला. स्वतःच्या हाताने त्यांनी खुंटा आत सोडला. तळाशी ठण्ण आवाज झाला.

"बुडाला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला की मी तसा कधी पाहिला नव्हता. "खरा होता हो, दत्तोबा."

मी काढायला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं. मग धर्माला म्हणाले, "यातलं पाणी बघ रे जरा."

धर्माने तांब्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"गोरा हाय, सायब."

"मग राहू दे त्याला तिथेच," नाझरसाहेब म्हणाले आणि कूस बदलून झोपले.